तिसरा सेन्सर टाकला तरी बझर वाजतोच: इंजिन तापमानाच्या तक्रारीचा माग कसा काढायचा

चित्र ओळखीचं आहे. लोडर सकाळी दोन तास नीट चालतो. मग तापमानाचा लाल दिवा लागतो, बझर वाजतो आणि इंजिनाची ताकद आपोआप उतरते. ऑपरेटर मशीन बाजूला घेतो, दहा मिनिटं थांबतो, पुन्हा चालू करतो, तर सगळं ठीक. मेकॅनिक येऊन दोषाचा कोड वाचतो, कोडपुढे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तापमान सेन्सर असं नाव दिसतं, म्हणून तो सेन्सर बदलतो. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी पुन्हा तोच बझर.

मी स्वतः एका लोडरवर असे तीन सेन्सर बदलले आहेत. तिन्ही नवे, तिन्ही बरोबर पार्ट नंबरचे. त्या लोडरचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कंट्रोलरला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, सेन्सर दिसत नाही, त्याला एका वायरवरचा व्होल्टेज दिसतो, बस. त्या व्होल्टेजमध्ये सेन्सर, दोन वायरी, चार पिना, सेन्सरभोवतालचं पाणी आणि कंट्रोलरचं आतलं सर्किट अशा सगळ्यांचा वाटा असतो. कोडवर नाव मात्र एकट्या सेन्सरचं लागतं.

आधी ठरवा: उष्णता खरी की खोटी

पाना हातात घेण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. इंजिन खरोखर तापत असेल आणि तुम्ही सेन्सरला दोष देत बसलात, तर हेड गॅस्केट जाईपर्यंत मशीन चालवलं जाईल. उलट दिशेची चूक स्वस्त असते, पण तीही होते: सेन्सरची वायर लूज, आणि इकडे रेडिएटर उतरवून साफ होतोय.

सगळ्यात सोपी खूण आकड्याच्या वागण्यात असते. इंजिनातलं कूलंट आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक यांचं वजन मोठं, त्यामुळे तापमान चढतं तेही हळूहळू आणि उतरतं तेही हळूहळू. ८८ वरून ९२, मग ९५, मग ९९, चढावर किंवा ढिगात बकेट घुसवताना आणखी वर, अशी चाल असेल तर उष्णता खरी समजा. ८८ वरून एका सेकंदात १३० आणि पुढच्या सेकंदाला परत ८८, असं दिसलं तर ते विजेचं काम आहे. पाणी अशा उड्या मारत नाही. डायग्नोस्टिक टूल लावून आकडा नुसता वाचू नका, त्याचा आलेख चालू ठेवा आणि मशीनला काम करू द्या. ऑपरेटरलाही एवढंच विचारा: “काटा चढत गेला, की फटकन गेला?” मशीनवर रोज बसणारा माणूस याचं उत्तर बहुतेक वेळा अचूक देतो. फक्त त्याला कुणी विचारत नाही.

दुसरी खूण बाहेरून घेतलेल्या मोजमापाची. इन्फ्रारेड गनने थर्मोस्टॅट हाउसिंगवर, सेन्सर बसतो त्याच्या शक्य तितकं जवळ तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन साफ खोटं बोलते, प्रत्यक्षापेक्षा बरंच कमी दाखवते. म्हणून त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. बाहेरून घेतलेला आकडा आतल्या कूलंटपेक्षा काही अंश कमी येतोच, तेवढा फरक धरू नका. पण डॅशबोर्ड ११० म्हणतोय आणि टेपवर ८० येतंय, तर शोध वायरिंगकडे वळवा.

उष्णता खरी निघाली तर या लेखाचा विषय संपला, तरी दोन वाक्यं. पहिला संशय रेडिएटर आणि त्याच्यापुढच्या ऑइल कूलरच्या मधल्या फटीवर घ्या. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत धुळीची गादी साचलेली असते. लोडरमध्ये टॉर्क कन्व्हर्टरची उष्णताही बहुधा कूलंटमधूनच बाहेर जाते, त्यामुळे इंजिनाचा काहीही दोष नसताना ट्रान्समिशनमुळे तापमान चढू शकतं. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणी सांगितलं तरी उघडायचं नाही. दाबाखालचं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि त्याच क्षणी ते वाफ होऊन अंगावर येतं.

एक फसवा प्रकारही इथेच नोंदवतो. जोरात काम करून इंजिन लगेच बंद केलं, तर पंप थांबतो पण सिलिंडर हेडमधली उष्णता कूलंटमध्ये येतच राहते. पाच-सात मिनिटांनी इंजिन चालू केलं की क्षणभर इशारा येतो आणि जातो. जेवणाच्या सुट्टीनंतरच तक्रार येत असेल तर आधी इंजिन बंद करण्याची सवय तपासा. तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवून बंद केलं की ही तक्रार बहुधा मिटते.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

जे १९३९ (अवजड मशीनमधले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती ठरलेली पद्धत) वापरणाऱ्या मशीनमध्ये इंजिन कूलंट तापमानाचा एसपीएन, म्हणजे दोष कशाचा ते सांगणारा क्रमांक, ११० असतो. त्याच्यासोबतचा एफएमआय, म्हणजे दोष कोणत्या प्रकारचा ते सांगणारा क्रमांक, जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक नोंदवत नाहीत. “११० आला” एवढं सांगून फोन ठेवतात.

एफएमआय ० म्हणजे सिग्नल ग्राह्य आहे आणि तापमान गंभीर पातळीच्या वर आहे. १६ म्हणजे मध्यम, १५ म्हणजे सौम्य. हे तिन्ही कंट्रोलरच्या मते खऱ्या उष्णतेचे कोड आहेत. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी. हे सर्किटचे कोड. २ म्हणजे सिग्नल बेभरवशाचा. कमिन्स इंजिनांवर सर्किटचे हेच दोन दोष १४४ आणि १४५ या क्रमांकांनी येतात, आणि गंभीर उष्णतेचा १५१.

आता सेन्सरच्या आत डोकवा. दोन वायरींचा कूलंट सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर, गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो. कंट्रोलर आपल्या आतल्या एका रोधातून ५ व्होल्ट सोडतो आणि मधल्या बिंदूचा व्होल्टेज वाचतो. वायर तुटली तर व्होल्टेज ५ च्या जवळ जातो, कंट्रोलरला भयंकर थंडी दिसते, आकडा उणे ४० वर जाऊन बसतो आणि एफएमआय ३ येतो. सिग्नल वायर बॉडीला टेकली तर व्होल्टेज शून्याजवळ, उष्णता अफाट, एफएमआय ४. उणे ४० हा आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हींत एकच आहे. तो दिसला की युनिटचा विचार न करता वायर शोधायला लागा.

सेन्सरवर भरवसा उरला नाही की बरीच इंजिनं खबरदारी म्हणून फॅन पूर्ण वेगाने पळवतात. म्हणून थंड इंजिन चालू केल्याबरोबर फॅन गर्जायला लागला तर ती फॅनच्या दोषाआधी सेन्सरच्या सर्किटची तक्रार समजा. याउलट सर्किट खोटी थंडी सांगत असेल तर प्रीहीटर विनाकारण चालणं, आयडल वाढणं, गरम इंजिनात पांढरा धूर असे प्रकार दिसतात.

पण खरी डोकेदुखी कोड न येणाऱ्या दोषांची असते. पिनेवर थोडा गंज चढला, थोडं पाणी शिरलं, आणि आकडा वीस अंशांनी चुकीचा झाला, तरी तो प्रमाणाच्या आतच असतो. कंट्रोलर त्यावर विश्वास ठेवतो.

थंड इंजिनाला विचारा, मग गरम इंजिनाला

एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या थर्मिस्टरचे आकडे असे आहेत. तुमच्या मशीनचा सेन्सर वेगळा असू शकतो, खरा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. हिशोबाची रीत मात्र सगळीकडे हीच.

० अंश: सुमारे ५,९०० ओहम
२० अंश: २,५०० ओहम
४० अंश: १,१७५ ओहम
६० अंश: ५९६ ओहम
८० अंश: ३२३ ओहम
१०० अंश: १८६ ओहम
१२० अंश: ११३ ओहम

हा उतार नीट बघा. थंडीत हजारो ओहम, गरमीत शेदीडशे. सगळी गंमत इथे आहे.

समजा कनेक्टरच्या पिनेवर गंज चढून सर्किटमध्ये १४० ओहमची जास्तीची अडचण आली. सकाळी २० अंशांत सेन्सरचे २,५०० अधिक १४०, म्हणजे २,६४०. आकडा एखाद्या अंशाने चुकला, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेच इंजिन १०० अंशांवर गेलं की १८६ अधिक १४०, म्हणजे ३२६. कंट्रोलरच्या तक्त्यात हे जवळपास ८० अंश. इंजिन १०० वर आहे आणि डॅशबोर्ड ८० दाखवतोय, फॅन निवांत फिरतोय, बझर गप्प. मीटर नॉर्मल असताना इंजिन उकळलं, ही तक्रार अशीच जन्माला येते.

आता उलटं बघा. कनेक्टरमध्ये प्रेशर वॉशचं पाणी शिरलं आणि दोन पिनांमध्ये २,५०० ओहमची गळती सुरू झाली. सकाळी सेन्सरचे २,५०० आणि गळतीचे २,५०० समांतर, म्हणजे १,२५०. थंडगार इंजिन ३८ अंश दाखवतं. गरम झाल्यावर मात्र १८६ च्या शेजारी २,५०० ची गळती किरकोळ ठरते, आकडा दोन-तीन अंशच चुकतो. दुपारी तपासलं तर सगळं बरोबर.

म्हणून माझी पहिली तपासणी रात्रभर बंद राहिलेल्या मशीनवर असते. इंजिन चालू न करता फक्त की ऑन करायची आणि टूलवर सगळी तापमानं एकत्र बघायची: कूलंट, इंजिन ऑइल, इंधन, इनटेक मॅनिफोल्ड, हायड्रॉलिक ऑइल. रात्रभरात ही सगळी हवेच्या तापमानाला येऊन टेकलेली असतात, त्यांच्यात तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नको. एकच आकडा वर असेल तर त्याच्या कनेक्टरमध्ये ओल किंवा गळती शोधा. सगळे जुळत असतील तर मशीन कामाला लावा आणि गरम झाल्यावर गनने पडताळा. तेव्हा डॅशबोर्ड गनपेक्षाही कमी दाखवत असेल तर सर्किटमध्ये जास्तीचा रोध आहे. हे काम फुकट होतं, पाच मिनिटांचं आहे, पण पहाटे उठावं लागतं, म्हणून कुणी करत नाही.

इंजिनावरचे सगळेच तापमान सेन्सर एका दिशेने, म्हणजे थंडीकडे, चुकत असतील तर एकेक सेन्सर काढत बसू नका. या सेन्सरांची परतीची वायर हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) एका जोडापाशी एकत्र होते. तो जोड खराब झाला की सगळ्यांच्या वाट्याला तोच जास्तीचा रोध येतो.

तीन रेझिस्टर खिशात ठेवा

मल्टिमीटर लावून कनेक्टरवर ५ व्होल्ट येतात का बघणं, हा सगळ्यांचा आवडता उपाय. तो अपुरा आहे. मल्टिमीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली, पिन अर्धी कुजलेली असली, तरी ५ व्होल्ट ऐटीत दिसतात. बीपवाल्या कंटिन्युटीचंही तेच. एका तारेवरही बीप वाजतो, आणि काही मीटर तर काही दहा ओहमच्या अडचणीलाही बीप देतात.

त्यापेक्षा सेन्सरच्या जागी ठरलेला रोध लावून कंट्रोलर काय वाचतो ते बघा. वरच्या तक्त्याच्या सेन्सरसाठी तीन रेझिस्टर पुरतात: २.२ किलोओहम लावला की सुमारे २३ अंश, ३३० ओहमला सुमारे ७९, १८० ओहमला सुमारे १०१. एक टक्क्याच्या अचूकतेचे घ्या, पाव वॅट पुरेसा होतो. हार्नेसच्या कनेक्टरमध्ये योग्य मापाच्या पिना लावून रेझिस्टर जोडायचा आणि टूलवर आकडा वाचायचा. तिन्ही आकडे बरोबर आले तर कंट्रोलरपासून कनेक्टरपर्यंतची वाट स्वच्छ आहे. मग दोष सेन्सरमध्ये, सेन्सरच्या स्वतःच्या पिनांमध्ये किंवा सेन्सरभोवतालच्या पाण्यात. २३ बरोबर आला पण १०१ च्या जागी ८० दिसले, तर वायरीत कुठेतरी शेदीडशे ओहम लपून बसले आहेत. सेन्सर जागेवर नसतानाही चूक तशीच, म्हणजे सेन्सर निर्दोष. यापेक्षा पक्का पुरावा मला माहीत नाही.

रेझिस्टर नसतील तर ढोबळ हिशोब असा. की ऑन, इंजिन बंद. सेन्सरचा कनेक्टर काढा: आकडा उणे ४० वर गेला पाहिजे. मग हार्नेसकडच्या दोन पिना जंपरने जोडा: आकडा वरच्या टोकाला जाऊन एफएमआय ४ आला पाहिजे. दोन्ही झालं तर वायर तुटलेली किंवा शॉर्ट नाही. कनेक्टर काढूनही एफएमआय ४ जात नसेल तर सिग्नल वायर हार्नेसमध्ये कुठेतरी बॉडीला टेकली आहे. जंपर लावूनही एफएमआय ३ हटत नसेल तर सिग्नल पिन जंपरने इंजिनच्या बॉडीला लावून बघा. आता एफएमआय ४ आला तर सिग्नल वायर शाबूत आहे आणि परतीची तुटली आहे.

हे सगळं फक्त दोन वायरींच्या थर्मिस्टरवर करायचं, आणि वायरिंग डायग्राम समोर ठेवून. शेजारी तसाच दिसणारा तीन वायरींचा प्रेशर सेन्सर असतो. त्याच्या पिना जोडल्या तर ५ व्होल्टची सामाईक लाइन बसते आणि एका कोडचे पाच होतात. तपासणीत उठलेले कोड शेवटी पुसायचे, नाहीतर पुढचा मेकॅनिक त्यांच्यामागे लागेल.

कनेक्टर, पिन आणि हार्नेस

माझ्या अनुभवात पुन्हा पुन्हा येणारा दोष बहुतेक वेळा इथेच सापडला आहे. सेन्सर बदलताना कनेक्टर निघतो आणि परत बसतो. त्या घासण्याने पिनेवरचा थर निघतो, संपर्क काही दिवस सुधारतो आणि सगळे म्हणतात, सेन्सरच खराब होता. चार दिवसांचं सुख म्हणतात ते हेच. म्हणून सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर नुसता काढून परत बसवा आणि मशीन चालवून बघा. दोष तेवढ्याने गेला, तर नवा सेन्सर डब्यातच राहू द्या.

कनेक्टर उघडल्यावर आधी वास घ्या आणि रंग बघा. हिरवट भुकटी म्हणजे ओल. काळपट डाग म्हणजे सततच्या कंपनाने पिना एकमेकींवर घासताहेत. आतल्या रबरी सीलची कड दुमडलेली आहे का, वायरीमागचं सील सरकलंय का, लॉकची पाचर जागेवर आहे का? पाचर हरवलेल्या कनेक्टरमध्ये पिन मागे सरकते, बाहेरून कनेक्टर घट्ट बसलेला दिसतो आणि आत दोन पिना भेटतच नाहीत. एकेक वायर हलक्या हाताने मागे ओढून बघा. मग त्याच मापाची सुटी पिन घेऊन प्रत्येक मादी पिनेत घालून काढा. काढताना किंचित पकड जाणवली पाहिजे. विनातक्रार निसटली तर पिन पसरली आहे.

हार्नेसचा माग डोळ्यांपेक्षा हातांनी जास्त लागतो. की ऑन ठेवा, टूलवर आलेख चालू ठेवा आणि कनेक्टरपासून कंट्रोलरकडे वीतभर अंतराने हार्नेस वाकवत, दाबत, पिळत जा. आकड्याने उडी मारली की थांबा. क्लिप तुटून हार्नेस ब्रॅकेटवर टेकलेला असतो तिथे, टर्बोच्या जवळून जातो तिथे, आणि इंजिन व चासी यांच्यामध्ये लोंबतो तिथे जास्त वेळ द्या. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तर सांगायलाच नकोत. प्रोबची सुई वायरीच्या आवरणात खुपसून तपासायची सवय मात्र सोडा. त्या भोकातून ओल शिरते, तांबं आतून हिरवं पडतं, आणि वर्षभराने तुम्हीच केलेला दोष तुम्ही शोधत बसता. कनेक्टरच्या मागून, वायरीच्या सीलशेजारून बारीक प्रोब सरकवता येतो, तेवढं पुरतं.

बकेटला किंवा चासीला वेल्डिंग झाल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर तेही नोंदवा. बॅटरी आणि कंट्रोलरचे कनेक्टर न काढता, अर्थचा चिमटा वेल्डिंगपासून लांब लावून काम केलं असेल, तर करंट नको त्या वाटेने गेलेला असू शकतो. कंट्रोलर खरोखर खराब निघाल्याचे प्रसंग मी फार थोडे पाहिले, त्यातले काही अशा वेल्डिंगनंतरचे होते.

सेन्सर पाण्यात आहे का?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण एका एक्स्कॅव्हेटरचं इंजिन याच प्रश्नाअभावी गेलेलं मी पाहिलंय. खालची होज फुटली, कूलंट वाहून गेलं, सेन्सर उघडा पडला. उघडा सेन्सर हवेचं आणि वाफेचं तापमान वाचतो, आणि हवा उष्णता नीट पोहोचवत नाही. डॅशबोर्ड ७० च्या आसपास रेंगाळत होता आणि पिस्टन लायनरला धरत होते. म्हणून जास्त उष्णतेइतकाच कामाच्या मध्यावर अचानक उतरणारा आकडाही संशयास्पद. कूलंट लेव्हलचा वेगळा इशारा असेल तर तो कधीही बायपास करून ठेवू नका.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे हवा अडकणं. कूलंट बदलल्यावर किंवा होज काढल्यावर हवा नीट काढली नाही, तर ती थर्मोस्टॅट हाउसिंगच्या उंच भागात, नेमकी सेन्सरपाशी, साचते. आकडा वरखाली हिंदकळतो आणि सेन्सरवर आळ येतो. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो वापरा. एक-दोनदा गरम-थंड होऊ दिल्यावर थंड इंजिनावर लेव्हल पुन्हा भरा. त्यानंतरही सतत हवा होत असेल आणि टाकीत बुडबुडे येत असतील, तर ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये शिरतोय. तो प्रश्न हेड गॅस्केटचा.

सेन्सरच्या टोकावर गाळाचा किंवा क्षाराचा पापुद्रा जमला तर तो चुकीचं नाही, उशिरा वाचतो. उकळून गेल्यावर मीटर चढतो, ही तक्रार आली तर टोक बघा.

जुनी, एका वायरीची मशीन

काट्याचा मीटर आणि एका वायरीचा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) असलेल्या मशीनमध्ये परतीची वाट म्हणजे सेंडरचे आटे आणि इंजिनची बॉडी. गळती थांबवायला आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच वेढे दिले की अर्थच तुटतो आणि काटा थंडीकडे झुकतो. इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी सैल असेल तर हेडलाइट लावल्यावर काटा हलतो. दिव्याच्या बटणाने पाणी गरम होत नाही, एवढी खूण पुरेशी आहे. बहुतेक मीटरमध्ये वायर काढली की काटा थंडीकडे आणि बॉडीला टेकवली की गरमीकडे पूर्ण जातो. गेला तर मीटर आणि वायर ठीक. तापमानाचा आणि डिझेलचा काटा एकाच वेळी वेड्यासारखा वागत असेल तर पॅनेलची सप्लाय आणि अर्थ बघा.

अनेक मशीनवर दोन वेगळी साधनं असतात, काट्यासाठी सेंडर आणि दिवा-बझरसाठी स्विच. काटा मध्यावर आणि बझर चालू असं दिसलं तर दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते गनने ठरवा. नव्या मशीनवर दोन सेन्सर असले तरी हीच रीत. टूलवरचा आकडा बरोबर आणि डॅशबोर्डवरचा चूक असेल तर सेन्सरला हात लावू नका, क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरांचा संच) किंवा कॅन लाइन (कंट्रोलर आणि डॅशबोर्ड यांच्यात माहिती नेणारी दोन वायरींची जोडी) बघा. बॅटरी तोडून, टूल लावायच्या नऊ पिनांच्या सॉकेटवर सी आणि डी या पिनांमध्ये सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर लाइनच्या एका टोकाचा टर्मिनेटर (टोकाला लावलेला रोध) गायब आहे.

सेन्सर खरंच खराब आहे हे ठरवायचं कसं

भांड्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि सेन्सरचं टोक भांड्याच्या तळाला न टेकता बुडवलेलं. सेन्सरच्या पिना पाण्याबाहेर. थंड पाण्यापासून उकळेपर्यंत चार-पाच ठिकाणी रोध नोंदवा आणि मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडा. उंच जागी पाणी १०० च्या आधीच उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, म्हणून उकळीवर न जाता थर्मामीटरवर जा. मोजताना सेन्सरला बोटाने टिचक्या मारा. आकडा उडाला तर आतला जोड सुटलाय, आणि असा सेन्सर टेबलवर चांगला, मशीनवर वाईट ठरतो.

नवा सेन्सरही याच भांड्यातून काढा. आटे तेच, कनेक्टर तोच, पण आतला थर्मिस्टर वेगळा, असे सेन्सर बाजारात असतात. एका प्रकाराचा रोध २० अंशांना २,५०० ओहम, दुसऱ्याचा ३,५०० च्या आसपास, आणि १०० अंशांना मात्र दोघेही जवळजवळ सारखेच. म्हणजे चुकीचा सेन्सर गरम इंजिनावर अगदी बरोबर वाचेल आणि थंडीत सात-आठ अंश कमी दाखवत राहील.

आता तो लोडर. तिसऱ्या सेन्सरनंतर मी शेवटी रेझिस्टर लावले. तिन्ही आकडे बरोबर. सेन्सर भांड्यात टाकला, तोही बरोबर. दोघेही निर्दोष, आणि मशीनवर मात्र दोष. मग सुटी पिन घालून बघितली तर सिग्नलची मादी पिन इतकी सैल की सुटी पिन स्वतःच्या वजनाने गळून पडली. पहिल्या दिवशी ५ व्होल्ट मोजताना मल्टिमीटरचा जाड प्रोब मीच त्या पिनेत दाबला होता. रेझिस्टर लावताना मशीन उभं, कंपन नाही, त्यामुळे संपर्क टिकला. ढिगात बकेट घुसली की तुटत होता. मूळ दोष बहुधा साध्या मळाचा होता आणि पहिल्यांदा कनेक्टर काढला तेव्हाच गेला असावा. पुढचा सगळा माझा.

पिन बदलायला वीस मिनिटं लागली. काढलेले जुने सेन्सर नंतर एकेक करून पाण्यात उकळून बघितले, सगळे तक्त्याबरहुकूम. त्यातला एक आज दुसऱ्याच मशीनवर काम करतोय. बाकीचे टूलबॉक्समध्ये आहेत, तीन रेझिस्टरांच्या शेजारी.